तटाच्या आतील चांदा

“चांद्यापासून बांद्यापर्यंत” हा शब्दप्रयोग आपल्या बोलण्यात नित्य येतो. महाराष्ट्राची दोन टोके एका दोऱ्यात ओवावयाची झाली, की व्याख्याते तो वापरतात आणि श्रोते माना डोलावितात. यांपैकी बांदा हे सावंतवाडीकडील गाव गोव्यास जाताना वाटेवर लागते, म्हणून ते पुष्कळांनी पाहिलेले असते. चांदा मात्र बहुतेकांच्या लेखी नुसता शब्दच राहिला आहे. १९६४ पासून त्याचे नाव चंद्रपूर झाले, त्यामुळे हा चांदा नेमका कोठे आहे असे विचारणारेही आम्हांस भेटले आहेत. ज्यांना गाव ठाऊक आहे त्यांना तेथील तीन गोष्टी ठाऊक असतात : उन्हाळा, कोळसा आणि ताडोबाचा वाघ. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या तिन्ही तटाबाहेरच्या आहेत. तटाच्या आत जे जुने गाव आहे, त्याची ओळख वाचकांस करून द्यावी असा आमचा आजचा मानस आहे. आमचे आजोळ त्या तटाला लागून आहे. तेव्हा या लेखात थोडा पक्षपात झाला, तर वाचकांनी तो पोटात घालावा.

गाव कसे वसले याची कथा तेथे लहान मुलासही तोंडपाठ असते. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात खांडक्या बल्लाळशहा नावाचा गोंड राजा बल्लारपुरी राज्य करीत होता. त्याचे अंग गळवांनी भरलेले असे. एके दिवशी शिकारीच्या नादात तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रात आला, तेथील एका खळग्यातील पाण्याने त्याने हातपाय धुतले, आणि त्या रात्री त्याला कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी झोप लागली. राणीने सकाळी पाहिले तो गळवे नाहीशी झालेली. ते पाणी म्हणजेच अंचलेश्वराचे तीर्थ. पुढे त्याच परिसरात राजाला दिसले, की एक ससा त्याच्या कुत्र्याच्या पाठीस लागला आहे! सशाच्या कपाळावर पांढरा ठिपका होता. ससा मोठे वर्तुळ घेत कुत्र्यामागे धावला, आणि राणीच्या सल्ल्याने राजाने त्या वर्तुळावरच तट घालावयाचे ठरविले. पळणाऱ्याने उलटून पाठलाग करावा, ही कल्पना आपल्याकडे इतरही राजधान्यांच्या दंतकथांत आढळते. तेव्हा ती इतिहास म्हणून कोणी घेऊ नये. तट मात्र खरा आहे. घडीव दगडांचा, साडेपाच मैल घेराचा असे इंग्रजी अमदानीतील ग्रंथांत त्याचे वर्णन आहे. तो पुरा व्हावयास पुढील कित्येक राजांच्या कारकिर्दी लागल्या.

तटास चार दरवाजे आहेत. उत्तरेस जटपुरा, दक्षिणेस पठाणपुरा, पूर्वेस अंचलेश्वर आणि पश्चिमेस बिनबा. दरवाजांवर गोंड राजांचे चिन्ह कोरलेले दिसते : हत्तीला पायाखाली घालणारा सिंह. यांखेरीज माणसांच्या जाण्यायेण्यापुरत्या पाच लहान वाटा तटात ठेविलेल्या आहेत, त्यांना खिडक्या म्हणतात. बगड खिडकी, हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी आणि मसाण खिडकी. लहानपणी आम्हांला या पाचव्या नावाची फार भीती वाटे. जिवंतपणी माणूस दरवाजाने ये-जा करतो आणि मेल्यावर खिडकीने जातो, असे आमची आजी अगदी सहजपणे, भाजी निवडता निवडता सांगत असे.

तटाच्या आत राजांनी पाण्याची सोय केली होती, हे विशेष सांगण्याजोगे आहे. उत्तरेकडे रामाळा तलाव आहे. त्याचे पाणी जमिनीखालून मातीच्या नळांनी गावात खेळविलेले होते. ज्या लोकांना ‘रानटी’ म्हणून आपल्या पाठ्यपुस्तकांनी एका ओळीत निकालात काढले, त्यांनी राजधानीची आखणी, तिचे संरक्षण आणि तिचे पाणी या तिन्ही बाबींचा विचार एकदम केला होता. अकबराच्या दरबारातील अबुल फजल याने आपल्या ग्रंथात चांद्याच्या बाबाजी नामक गोंड राजाजवळ हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याची नोंद केली आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी राजा बीरशहाचा खून झाला, तेव्हा त्याची राणी हिराई हिने दत्तक घेतलेल्या रामशहाच्या नावाने कारभार पाहिला, पतीची भव्य समाधी बांधिली आणि महाकालीच्या देवालयाची उभारणी केली. अंचलेश्वराच्या देवळाशेजारी त्या समाध्या आजही उभ्या आहेत. अहिल्याबाईंची चरित्रे आमच्या घरांतून वाचली जातात, ते योग्यच आहे. त्यांच्या कितीतरी आधी होऊन गेलेल्या या गोंड राणीचे नाव मात्र आमच्या आजोळच्या गल्लीबाहेर आम्ही फारसे ऐकले नाही.

आता या तटाच्या आत कोण कोण राहू लागले ते पाहू. पठाणपुरा हे नावच आपली कथा सांगते. वर्धा ओलांडून दक्षिणेस गेले की तेलंगण लागते, आणि वर्धा व वैनगंगा मिळून झालेली प्राणहिता पुढे गोदावरीस जाऊन मिळते. या नद्यांच्या काठाकाठाने तेलुगू भाषिक व्यापारी, विणकर, गवंडी शतकानुशतके चांद्यास येत राहिले. ज्यांच्या आडनावांच्या शेवटी ‘वार’ येते अशी शेकडो घराणी या प्रदेशात आहेत. त्यांतील पुष्कळांचे मूळ तेलुगू मुलुखात सापडते. महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार हे याच चांदा जिल्ह्याचे. तटाबाहेर लालपेठेकडे उघड्यावर प्रचंड दगडी मूर्ती पडल्या आहेत, त्यांत दहा मुखांची दुर्गा आहे. रायप्पा नावाच्या कोमट्याने एक अवाढव्य देवालय बांधावयास घेतले आणि ते पुरे होण्याआधीच तो वारला, अशी आख्यायिका आहे. कळसाविना राहिलेले देऊळ आपण पुष्कळ पाहतो. पण येथे देव तयार आहेत आणि देऊळच नाही!

१७५१ साली नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतला, आणि त्यांच्यामागून मराठे सरदार, कारकून, वैदिक, वैद्य अशी मंडळी आली. आमच्या आजोळचा मूळ पुरुष असाच कोणी दप्तरे लिहिणारा असावा, असे मामा सांगतात. १८१८ च्या मे महिन्यात कर्नल ॲडम्सच्या तोफांनी तटास खिंडार पाडले आणि किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडला. त्याच सुमारास दुसरा बाजीराव चांद्याचा आश्रय मिळेल या आशेने वऱ्हाडातून पूर्वेकडे येत होता. तो मध्येच अडविला गेला. पेशवाईच्या अखेरीची हकिकत पुण्यात बसून वाचणाराने नकाशाचे हे टोकही एकदा पाहावे. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि चांदा इंग्रजी जिल्ह्याचे ठाणे बनला. त्या काळी येथील रेशमी व सुती कापड, पितळेची भांडी आणि कातडी चपला यांची चांगली ख्याती होती. म्हणजे कोष्टी, साळी, कासार, चांभार या सर्वांचे हात गावाच्या संपत्तीत होते, हे उघड आहे.

इतक्या प्रकारची माणसे एका तटात कोंडल्यावर एकमेकांचे ऐकल्यावाचून कसे चालेल? आमची आजी १९४० च्या सुमारास पुण्याहून लग्न होऊन या घरात आली. पहिल्याच आठवड्यात दारावर आलेल्या भाजीवालीस तिने कोथिंबीर मागितली. भाजीवाली गोंधळली. तिच्या टोपलीत कोथिंबिरीच्या हिरव्यागार जुड्या होत्या. पण त्या भागात तिला ‘सांभार’ म्हणतात हे आजीस ठाऊक नव्हते, आणि कोथिंबीर हा शब्द भाजीवालीच्या गावी नव्हता. शेजारच्या घराच्या ओट्यावर एक तेलुगू बाई उभी होती. ती हसून म्हणाली, “कोत्तिमीर हवी आहे त्यांना!” तेलुगूत तिला कोत्तिमीरच म्हणतात. पुण्याची मराठी चांद्याच्या मराठी भाजीवालीस कळावी म्हणून मध्ये तेलुगू दुभाषी उभी राहिली, ही गोष्ट आजी पुढे साठ वर्षे सांगत होती, आणि दर वेळी नव्याने हसत होती. ती शेजारीण म्हणजेच अक्का. आजी तिला ‘अक्का’ म्हणे, ती आजीस ‘वहिनी’ म्हणे. संक्रांतीस इकडून तिळगूळ जाई आणि तिकडून तांदळाच्या पिठाच्या तळलेल्या चकल्यांसारख्या सकिनालूंचा डबा येई. सोवळ्याओवळ्याचा प्रश्न आजीने कसा सोडविला, हे आम्ही एकदा तिला विचारले. “तळलेले चालते,” एवढेच ती म्हणाली. शास्त्राधार कोणता, ते तिने सांगितले नाही.

पण येथे आम्हांस थांबले पाहिजे. आजोळाविषयी लिहिताना सारेच गोड लिहिण्याचा मोह होतो, आणि गोडच लिहिले तर ते खोटे ठरेल. त्याच घराच्या मागे विहीर होती. उन्हाळ्यात गावातील पाणी आटले, की मागल्या वाटेने महार वस्तीतील बाया घागरी घेऊन येत आणि दूर बसून राहत. घरातील गडी वरून पाणी ओती. अक्काकडचे तळलेले चालत होते. या बायांनी पोहरा सोडलेला चालत नव्हता. ही गोष्ट आजीने कधी हसून सांगितली नाही, किंबहुना आपण होऊन सांगितलीच नाही. ती आम्हांस आईकडून कळली. १९५६ च्या ऑक्टोबरात, नागपूरच्या दीक्षासमारंभानंतर दोनच दिवसांनी, १६ तारखेस डॉ. बाबासाहेब आंबेडकर चांद्यास आले आणि तेथे हजारोंनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. चांद्यातील दीक्षाभूमीवर दर वर्षी त्या दिवसाच्या स्मरणार्थ मोठा मेळा जमतो. त्या दिवशी आपल्या गल्लीवरून माणसांची रीघ लागली होती असे आईस आठवे. विहिरीवर त्यानंतर कोणी येऊन बसले नाही. नळ आला म्हणून की त्या दिवसामुळे, हे आमच्या घरात कोणी मोकळेपणाने बोलले नाही.

तटाच्या आतील सर्वांत विलक्षण स्थळ कोणते असे कोणी विचारील, तर आम्ही तुरुंगाचे नाव घेऊ. जिल्ह्याचा तुरुंग गोंड राजांच्या जुन्या कोटात आहे. याच तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबूराव सेडमाके यांना फाशी देण्यात आले. मोलमपल्लीचे हे पंचविशीतले गोंड जमीनदार. सत्तावनच्या वणव्याची ठिणगी त्यांनी चांद्याच्या रानात जागती ठेविली होती. ज्या पिंपळावर त्यांना टांगले असे सांगतात, त्याला वंदन करण्यास लोक येतात. आपल्या पूर्वजांच्या वाड्यात गोंड तरुणास फाशी व्हावे, यापरते विदारक दुसरे काय असू शकते?

आणि त्याच भिंतींच्या आत एक दर्गा आहे. त्याला लोक गैबीशहा वलींचा दर्गा म्हणतात. एरवी त्या दारातून कोणी हौसेने आत जात नाही. पण मोहरमच्या दिवसांत तुरुंगाचे दार भाविकांस उघडण्याची वहिवाट पडलेली आहे. त्या वेळी मुसलमान तर येतातच, पण नवस बोललेल्या हिंदू बायका कडेवर मुले घेऊन तेवढ्याच श्रद्धेने रांगेत उभ्या राहतात, आणि आतील विहिरीचे पाणी बाटलीत भरून नेतात. आम्ही एकदा मामीबरोबर त्या रांगेत होतो. पुढे बुरख्यातील एक वृद्धा, मागे तेलुगूत बोलणारे एक कुटुंब, आणि मध्ये नऊवारीतील आमची मामी. मामीला आम्ही हळूच विचारले, “तुमचा नवस कसला?” ती म्हणाली, “नवस नाही रे. वर्षातून एकदाच तुरुंग आतून पाहावयास मिळतो, तो का सोडावा?” परत येताना मात्र तिच्याही पिशवीत पाण्याची बाटली होती.

तटाबाहेर गाव किती वाढले, हे थोडक्यातच सांगतो. चैत्रात महाकालीच्या यात्रेस मराठवाड्यातून, विशेषतः नांदेडकडून, आणि तेलंगणातून लोकांचे लोंढे येतात आणि झरपटीच्या काठी उतरतात. कोळशाच्या खाणींनी तेलंगण, छत्तीसगड, उत्तर हिंदुस्थान येथील मजूर आणिले. त्यांच्या वसाहती बाबूपेठ-लालपेठेकडे पसरल्या. फाळणीत घरदार गमावलेल्या पूर्व बंगालच्या निर्वासितांना या रानमुलुखात जमिनी दिल्या गेल्या, आणि शहरातही ‘बंगाली कॅम्प’ नावाची पेठ झाली. पुढे औष्णिक वीजकेंद्र आले, त्याने देशभरची माणसे आणली, आणि राखही. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला, तेव्हा चांद्याच्या रानाचा मोठा वाटा तिकडे गेला. पण तिकडची माणसे बाजारास, दवाखान्यास, कोर्टास अजूनही चंद्रपुरास येतात. २०११ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली. आज गावाचा मोठा भाग तटाबाहेर आहे, आणि तटाच्या आत राहणारे स्वतःस ‘जुन्या गावातले’ म्हणवून घेतात. त्यात थोडा अभिमान असतो, थोडी तक्रार.

तक्रारीस कारणही आहे. तट केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करण्यास २०१० च्या कायद्याने मनाई आहे, आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. नुसती डागडुजी करावयाची तरी अर्ज करावा लागतो. कागदावर हा नियम उत्तम आहे. पण एखादे एकटे देऊळ माळावर उभे असेल तर त्याच्याभोवती शंभर मीटर मोकळे ठेवणे निराळे, आणि साडेपाच मैलांच्या तटाला दोन्ही अंगांनी माणसे बिलगलेली असताना तोच दोर लावणे निराळे. या शंभर मीटरांत हजारो घरांचे संसार अडकले आहेत. दुसरीकडे, नियम सैल केला तर चार-पाच मजली इमारती तटावर चढून बसतील, हेही आम्हांस दिसते. जटपुरा दरवाजात तर रोज सकाळ-संध्याकाळ वाहनांची अशी कोंडी होते, की हत्तीवर उभा राहिलेला तो दगडी सिंहही कंटाळला असेल. दरवाजाशेजारी तट फोडून वाट करावी, असे म्हणणारे बरेच आहेत. गोंड राजांनी इतक्या मोटारी येतील हे ध्यानात घेतले नव्हते, एवढाच त्यांचा दोष!

तट फोडू म्हणणारांस आम्ही एक आठवण करून देतो. इरई पश्चिमेकडून आणि झरपट पूर्वेकडून गावास वळसा घालून खाली एकमेकींस मिळतात. २०२२ च्या जुलैत इरईस पूर आला, तेव्हा तटाबाहेरील रहमतनगरसारख्या वस्त्यांत पाणी शिरले आणि लोकांस घरे सोडावी लागली. आमचे मामा त्या रात्री पठाणपुरा दरवाजापर्यंत जाऊन आले. दरवाजाबाहेरचा रस्ता पाण्याखाली होता, आणि तटाच्या पायथ्याशी पाणी लाटांसारखे आपटत होते. तट शत्रूसाठी घातला की पुरासाठी, याविषयी जुन्या मंडळींत वाद आहे. मामांच्या मते दोन्ही एकच. २०१७ पासून ‘इको-प्रो’ या संस्थेच्या तरुणांनी शेकडो दिवस श्रमदान करून बुरुजांवरील झाडेझुडपे आणि कचरा काढला, त्यामुळे तटावरून पुन्हा चालता येऊ लागले. ती मुले निरनिराळ्या जातींची, निरनिराळ्या भाषा बोलणारी. बुरुजाच्या भेगेतील पिंपळ उपटताना त्यांस कोणी ते विचारले नाही.

आता राहिली आजोळच्या घराची गोष्ट. ते तटापासून चाळीस पावलांवर आहे. तीन वर्षांपूर्वी त्याची मागील भिंत पावसात खचली. डागडुजीच्या परवानगीसाठी मामांनी एका कचेरीत अर्ज दिला. नकाशे, छायाचित्रे, पुन्हा नकाशे असे करता करता दोन पावसाळे गेले. धाकट्या मामांनी नागपूर रस्त्याकडे जागा घेऊन ठेविली आहे. मोठ्या मामेभावाचे म्हणणे असे, की घर विकावे आणि सर्वांनी तिकडे एकत्र राहावे. येथे तुटक्या घरात एकत्र राहण्यापेक्षा तेथे चांगल्या घरात एकत्र राहणे काय वाईट? बोलणे सरळ आहे, त्यास उत्तर देणे कठीण आहे. तटालगतच्या घरास गिऱ्हाईकही मिळत नाही, मिळाले तर पडेल भावाने. मामी म्हणाली, “देवघर कोठेही नेता येते. अक्काचे घर कोठून नेऊ?” अक्का वारून पुष्कळ वर्षे झाली. तिचा नातू, आता तोही पन्नाशीचा आहे, शेजारीच राहतो, आणि त्याच्या घराची भिंत आमच्या भिंतीवर टेकलेली आहे. आमचे घर पाडले तर त्याचेही उभे राहणार नाही.

गेल्या दिवाळीत आम्ही तेथे होतो तेव्हा परवानगीचा कागद आलेला होता. मूळची उंची वाढवावयाची नाही, मूळचाच दगड वापरावयाचा, अशा अटी होत्या. मामांनी तो कागद चष्मा लावून तीनदा वाचला आणि घडी घालून देवघरातील पोथीच्या डब्यात ठेविला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काचा नातू एका गवंड्यास घेऊन आला. गवंडी तेलुगू होता. नातू त्याच्याशी तेलुगूत, मामांशी मराठीत आणि दगड उचलावयास आलेल्या मजुरांशी हिंदीत बोलत होता. मोठा मामेभाऊ ओसरीवर उभा राहून थोडा वेळ पाहत होता. मग तोही बाह्या सरसावून खाली उतरला, आणि दगड मोजावयास लागला.